वजन ११२, वय ४४ : सायकल सुरू करायची आहे, सोलापूरकरांनी मार्गदर्शन करावं

तलावकाठ | ३ जून

नमस्कार मंडळी.

मी गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघतो. मे-जून आमचा हंगाम. शाळा उघडायच्या आत माल गेला पाहिजे, म्हणून सकाळी नऊला खुर्चीत बसलो की रात्री आठलाच उठायचं. वीस वर्षं हेच चाललंय. उंची पाच फूट सात इंच, वजन ११२ किलो. एप्रिलमध्ये रक्त तपासलं, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.४ निघालं आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सुरू झाली.

डॉक्टर म्हणाले चाला. चाललो. सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं पहाटे रोज अर्धा तास, सतरा दिवस. अठराव्या दिवशी डावा गुडघा इतका सुजला की जिना बसून उतरावा लागला. आता तेच म्हणतात, सूज उतरलीय, सायकल चालवून बघा.

शेवटची सायकल बारावीत असताना चालवली होती. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझं वजन कोणती सायकल पेलेल? आणि शहरात चालवायची कुठं? तिसरी गोष्ट लिहायला जड जातंय, पण लिहितो. ओळखीची माणसं बघतील याची लाज वाटते. आमच्या गल्लीत कुणी नवीन चप्पल घातली तरी चार जण थांबून विचारतात. तुम्हाला कुणाला असं झालं होतं का?

चाकधर | ३ जून

तलावकाठ, सायकलचं मी सांगतो.

सांगाडा सहसा मोडत नाही, त्याची काळजी करू नका. त्रास देतं ते मागचं चाक. बसल्यावर निम्म्याहून जास्त वजन त्याच्यावर येतं. म्हणून दुकानात गेल्यावर रंग नि गियर बघायच्या आधी मागच्या चाकाच्या तारा मोजा. ३२ तरी हव्यात, ३६ असल्या तर उत्तम. रिम दुहेरी भिंतीची आहे का विचारा. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद. सायकलसोबत पुस्तिका येते, त्यात किती किलोपर्यंत चालते ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि त्यात सामानाचं वजनही धरलेलं असतं हे लक्षात ठेवा.

पुढच्या फोर्कला शॉकअप असलेली स्वस्तातली सायकल घेऊ नका. दिसायला दणकट, पण पायाचा काही जोर ती स्प्रिंगच खाते आणि सायकल उगाच जड होते. साधा फोर्क, सरळ हँडल, ज्याला दुकानात हायब्रिड म्हणतात ती घ्या. आपलं सोलापूर सपाट आहे, सात-आठ गियर भरपूर झाले.

घरात कुणाची जुनी काळी चोवीस इंची पडलीय का? असेल तर तिचीच सर्व्हिसिंग करून महिनाभर चालवा, मग ठरवा.

गिरणीचा भोंगा | ४ जून

वय ६८. माझे वडील बाळे भागातून लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये सायकलवर जायचे. हँडलला डबा, मागच्या कॅरियरला माझी धाकटी बहीण, ती शाळेपाशी उतरायची. भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली. त्यांत जाड, बारीक, म्हातारे सगळे असायचे आणि कुणी कुणाकडं बघायचं नाही, कारण सगळेच सायकलवर. आता तुम्ही एकटे दिसता म्हणून बघतात, एवढंच. बघून जातात आपल्या कामाला.

ओपीडीनंतर | ४ जून

मी डॉक्टर आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

वय ४४, साखर आणि हे वजन, एवढं एकत्र आलं की सुरू करण्याआधी बीपी आणि ईसीजी बघून घ्यायला सांगा. चढताना छातीत दडपल्यासारखं होतं का, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येते का, हे त्यांनी विचारायची वाट बघू नका, स्वतःहून सांगा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर व्यायाम करताना साखर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी. पण पुढं कधी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन सुरू झालं तर खिशात ग्लुकोज पावडर नाहीतर साखरेची पुडी हवीच. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारलं, की उतरायचं, तीन-चार चमचे साखर खायची आणि पंधरा मिनिटं बसायचं.

वेग किती ठेवायचा, तर सोबत कुणी असलं तर त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागला की हळू करा. मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्हाला तिथं तीन महिन्यांनी पोचायचंय, तीन दिवसांत नाही. पहिला आठवडा रोज दहा मिनिटं.

आणि साखरेचा आजार आहे म्हणून एक: बंद बूट घाला, घरी आल्यावर तळपाय बघा. चप्पल घालून सायकल नको.

जुळे सोलापूरकरीण | ४ जून

दादा, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण मी त्यातून गेलेय.

दोन वर्षांपूर्वी माझं वजन ९१ होतं. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला सैफुलवरून निघाले, संभाजी तलावापर्यंत गेले आणि परत आले. एवढ्यात तीनदा उतरले. चहाच्या गाड्यावरची पोरं हसली. मी घरी येऊन न्हाणीघरात रडले. दुसऱ्या दिवशी गेले. चौथ्या दिवशी तीच पोरं हसली नाहीत, दहाव्या दिवशी त्यांतला एक म्हणाला, "ताई, हवा कमी दिसतीय मागं." त्याचं बरोबर होतं, हवा कमीच होती. आता ती पोरं मला ओळखतात आणि एखाद्या दिवशी गेले नाही तर दुसऱ्या दिवशी विचारतात.

लाज तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत फार असते. ते दिवस काढा, एवढंच मी सांगू शकते.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. बसायच्या जागी दुखतं. पहिला आठवडा तर खूप. घाबरून फुगीर जेलचं कव्हर आणू नका, मी आणलं होतं. त्यात माणूस रुततो आणि वीस मिनिटांनी मुंग्या येतात. सीट जरा रुंद पण घट्ट हवी. दहा-बारा दिवसांत दुखणं उतरतं. गादीची चड्डी मिळते सायकलची, ती आत काही न घालता घालायची, वरून ट्रॅकपँट किंवा सलवार. मांड्या घासतात तिथं आधी व्हॅसलीन लावून निघा. आणि बायकांसाठी: ओढणी कमरेला घट्ट गाठ मारून, नाहीतर घरीच ठेवून. चाकात गेली की माणूस खाली.

पूर्वभाग | ५ जून

काय मालक, या या, एक माणूस वाढला!

वाऱ्याचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. आता पाऊस लागला की ऑगस्ट संपेपर्यंत आपल्याकडं नैर्ऋत्येचा वारा उभा राहतो. मंगळवेढा रोडला नाहीतर विजापूर रोडला जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. तुळजापूर रोडला याच्या उलटं. नवीन माणूस हौसेनं तुळजापूर रोडला लागतो, वारा पाठीशी असतो, सायकल पळती, त्याला वाटतं जमलं. आठ किलोमीटरवर फिरतो आणि मग परत यायला जीव जातो. म्हणून पावसाळ्यात जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं. दमला की वळायचं, वाराच घरी आणून सोडतो.

दुसरं, वेड्या बाभळीचे काटे. रस्त्याच्या कडेची माती सोडून आत चालवा. पंक्चरचं सामान जवळ ठेवा. काटा टायरमधून बोटांनी चाचपून काढायचा, मगच नवी ट्यूब घालायची. मी एकदा काटा तसाच ठेवून ट्यूब बदलली, दोनशे मीटरवर परत हवा गेली.

तलावकाठ | २९ जून

मंडळी, सायकल घेतली, पण तुमचं पूर्ण ऐकलं नाही. हंगामाच्या घाईत दुकानात गेलो, तिथला माणूस म्हणाला, "तुमच्या वजनाला जाड टायरची शॉकअपवालीच लागते." ती खरंच भक्कम दिसली आणि मी घेतली. तारा मोजल्या नाहीत. चूक माझी.

ईसीजी नॉर्मल आला. दहा मिनिटांपासून सुरू केलं, आता पंचवीसवर आहे. पहाटे पार्क चौक, सात रस्ता, परत. लाज अजून आहे, पण ताई म्हणतात तशी कमी होतेय.

अडचण अशी की दोन्ही गुडघे पुढच्या बाजूनं दुखायला लागलेत, वाटीच्या खाली. चालून सुजला होता तसं नाही, वेगळं आहे. सायकलही सोडावी लागणार का? मला ती सोडायची नाहीये.

चाकधर | २९ जून

सोडू नका. गुडघा पुढून दुखतोय म्हणजे बहुतेक वेळा सीट खाली असते. नवीन माणूस दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतो आणि मग प्रत्येक फेरीला गुडघा छातीकडं येतो.

असं करा. घरात भिंतीला एक हात लावून सायकलवर बसा. पॅडल सगळ्यात खाली आणा आणि त्याच्यावर टाच ठेवा, चवडा नाही, टाच. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेला राहिला तर सीट वर घ्या. टाच पोचत नसेल, कंबर एका बाजूला झुकत असेल तर खाली. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढाच हलका बाक राहतो. थांबताना मात्र सीटवरून पुढं उतरायचं, ही सवय आधी रिकाम्या मैदानात करा.

आणि जड गियरवर जोर काढत असाल तर बंद करा. हलका गियर, पाय भराभर फिरले पाहिजेत. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ.

ओपीडीनंतर | ३० जून

सहमत. आठवडाभरात फरक पडला नाही किंवा सूज आली तर मात्र दाखवा.

तलावकाठ | ८ जुलै

हे सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखा कुणी उद्या हा धागा वाचेल.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सायकल उभी केली. मी भिंतीला हात लावून बसलो, मुलगी आठवीत आहे, ती फरशीवर बसून माझ्या टाचेकडं बघत होती. पहिल्या वेळी म्हणाली, "बाबा, गुडघा अजून खूप वाकलाय." पाना घेतला, एक बोट वर. परत बसलो. "अजून." परत एक बोट. असं करत तीन बोटं वर गेली, तेव्हा म्हणाली, "आता सरळ." तिनं सीटच्या दांडीवर पेनानं रेघ मारून ठेवली, की दुकानात कुणी खाली केली तरी कळावं.

पहिले दोन दिवस पडेन असंच वाटत होतं, जमिनीला फक्त चवडे टेकतात. होम मैदानावर उतरायचा सराव केला. पाचव्या दिवशी दुखणं निम्म्यावर, आज नवव्या दिवशी काहीच नाही. तीन बोटांच्या अंतरासाठी मी सायकल विकायला निघालो होतो.

तलावकाठ | २ ऑगस्ट

चाकधरदादा, तुम्ही लिहिलेलं खरं ठरलं. काल होटगी रोडवर मागून "टण्" असा आवाज झाला. थोड्या वेळानं परत. उतरून बघितलं तर मागच्या चाकाच्या दोन तारा तुटलेल्या, चाक वेडंवाकडं, ब्रेकला घासतंय. सहा किलोमीटर ढकलत आणली. एकूण तीनशे किलोमीटर पण झाले नसतील.

चाकधर | २ ऑगस्ट

चेनच्या बाजूच्या तुटल्या ना? त्याच तुटतात. गियरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त ओढलेल्या असतात, पायाचा जोरही तिथंच बसतो. त्यात यंत्रावर बांधलेल्या चाकात तारांचा ताण एकसारखा नसतो. ढिली तार प्रत्येक फेरीला ताणते नि सैल होते, आणि वायर वाकवून वाकवून तोडावी तशी एक दिवस तुटते.

दोन तारा बदलून भागणार नाही, महिन्यात तिसरी जाईल. ३६ भोकांची रिम नि हब घालून हातानं बांधलेलं चाक करून घ्या. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढता येणारा जुना मिस्त्री शोधा, पूर्व भागात अजून आहेत. नव्या चाकाचे शंभर-दीडशे किलोमीटर झाले की परत एकदा ताण बघून घ्यायचा. आणि हवा दर आठवड्याला. टायरच्या कडेला जास्तीत जास्त किती ते छापलेलं असतं, तुमच्या वजनाला मागं त्याच्या जवळपास ठेवा.

पूर्वभाग | ३ ऑगस्ट

मालक, कन्ना चौकापर्यंत ढकलत आणा, मी मिस्त्रीकडं घेऊन जातो. तो तार बोटानं वाजवून ताण ओळखतो, सतारीसारखी. मी समोर बसून बघितलंय.

तलावकाठ | २५ ऑगस्ट

चाक झालं, सुंदर झालं. पूर्वभाग, तुम्ही अर्धा दिवस माझ्यासाठी घालवलात, विसरणार नाही.

पण आज मन खट्टू आहे. अकरा आठवडे झाले. सायकल आठवड्यातून पाच दिवस, आता रोज पाऊण तास. वजन ११०.५. फक्त दीड किलो. घरचे काही बोलत नाहीत, पण मलाच वाटतं की एवढं करून काय झालं.

ओपीडीनंतर | २५ ऑगस्ट

तीन प्रश्न. सायकलवरून आल्यावर काय खाता? पँट सैल झाली का? सप्टेंबरात एचबीए१सी करताय ना?

तलावकाठ | २५ ऑगस्ट

आल्यावर भूक फार लागते. दोन कडक भाकरी, शेंगाची चटणी वर तेल घालून. रविवारी गटातल्या कुणाबरोबर भजी. पँट, हो, पट्ट्याचं एक भोक आत गेलंय. मी ते मोजलंच नव्हतं.

ओपीडीनंतर | २६ ऑगस्ट

मग उत्तर तुमच्याच ताटात आहे. तुमच्या वजनाचा माणूस सावकाश तासभर सायकल चालवतो तेव्हा साधारण ४०० कॅलरी जातात. पाऊण तासाच्या तीनशे. तेल घातलेली शेंगाची चटणी दोन-तीन चमचे आणि जादाची एक भाकरी, झालं, तेवढ्या परत आल्या. भाकरी सोडू नका, ज्वारी चांगलीच आहे. एक करा, चटणीवरचं तेल बंद, सोबत वाटीभर मटकी नाहीतर ताक, आणि रात्री आठनंतरचं जेवण अर्धं.

पण हे नीट वाचा. सायकलचा पहिला फायदा काट्यावर दिसत नाही. स्नायू काम करायला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, वजन तेवढंच असलं तरी. कमरेचा घेर कमी होतोय म्हणजे पोटातली चरबी जातेय, आणि साखरेच्या आजारात तीच जायला हवी असते. वजनकाटा महिन्यातून एकदा, कंबर दर पंधरा दिवसांनी, नाभीच्या पातळीवर, श्वास सोडून.

जुळे सोलापूरकरीण | २६ ऑगस्ट

माझे पहिले दोन महिने एक किलोसुद्धा गेला नव्हता. मग एक दिवस गॅस सिलिंडर एकटीनं सरकवला आणि लक्षात आलं, मागच्या वर्षी मला हे होत नव्हतं. दादा, सोडू नका हो.

तलावकाठ | २० सप्टेंबर

एचबीए१सी ६.७. डॉक्टरांनी दोनदा कागद बघितला. कारखान्याचा दुसरा मजला आता मध्ये न थांबता चढतो.

पूर्वभाग | १७ नोव्हेंबर

सगळ्यांना एक सूचना. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झालेत. पहाटे अंधारात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कैकांना मागं लाल पट्टीसुद्धा नसती, उभी असली तर दहा फुटांवर दिसती. पुणे रोड, मंगळवेढा रोड, उजाडल्याशिवाय जाऊ नका. पुढं पांढरा दिवा, मागं लाल, डोक्यावर हेल्मेट. ट्रॉलीच्या डाव्या बाजूनं कधी घुसायचं नाही, ऊस कलतो.

तलावकाठ | ५ जानेवारी

काल पहिल्यांदा नान्नजला जाऊन आलो. पूर्वभाग, ताई आणि मी, उजाडल्यावर निघालो. जाऊन-येऊन चाळीसच्या वर झाले. बार्शी रोडला दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, कणसं भरलेली, एका शेतात हुरड्याची आगटी पेटली होती आणि त्या धुराचा वास अर्धा किलोमीटर सोबत आला. माळढोक पक्षी दिसला नाही, तो आता फार थोड्यांनाच दिसतो. पण गवताच्या माळाच्या कडेला सायकली उभ्या करून आम्ही संत्री खाल्ली. मला तिथं बसून रडू आलं, कारण जूनमध्ये मी सात रस्त्यापर्यंत जाऊन दमत होतो.

आजचं वजन १०३. कंबर चार इंच कमी. मेटफॉर्मिन चालू आहे, डोस डॉक्टरांनी अर्धा केलाय.

एक विनंती. कालच्या वाटेवर दोन ठिकाणी लोकांनी थांबवून विचारलं, "आम्हाला जमेल का?" वजनदार माणसं होती, माझ्यासारखीच. म्हणून दर रविवारी सकाळी साडेसहाला पार्क चौकात मी थांबणार आहे. ज्यांना पहिल्यांदा चालवायचीय त्यांच्यासाठीच. वेग नाही, अंतर नाही, तलावाला एक चक्कर आणि परत. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाकडं गर्दी असते, तोवर सात रस्त्याकडं जाऊ.

नवा सदस्य ७१ | ६ जानेवारी

पूर्ण धागा वाचला. माझं वजन १२८ आहे, वय ५१. बीपीची गोळी चालू. पोराची सायकल घरात पडून आहे. येऊ का? मी फार मागं राहीन.

तलावकाठ | ६ जानेवारी

या. आधी डॉक्टरांना विचारून, ईसीजी काढून या, ओपीडीनंतर यांनी वर लिहिलंय ते सगळं त्यांना सांगा. सायकलवर आत्ता बसू नका, ढकलतच आणा, आधी चाकधरदादा मागच्या तारा बघतील. तुमची उंची किती? सीटचा पाना मी घेऊन येतो, तिथंच टाच लावून बघू.